गणपतरावांना नारळ देणार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्यांना उन्हाळ्याची सुट्टी असते, दिवाळीची असते. मी कोल्हापुरातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, मैत्री वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेला आहे आणि मला एकाही दिवसाची सुट्टी मिळालेली नाही. माझा एक कोपरा उडाला आहे, रंग जागोजागी करडा पडला आहे. पण म्हणून कोणी माझी कीव करू नका. माझी सरकारी चौकशी झालेली आहे! तुमच्या वर्गातल्या फळ्याची झाली आहे का कधी? आणि माझी झाली ती एका नारळामुळे.

मूळचा मी गगनबावड्याकडचा फणस. कुणाच्या तरी घराची दारं करून उरलेल्या दोन फळ्या पिराजी सुतारांनी स्वस्तात आणल्या होत्या. ते १९९१ साल होतं, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. गल्लीतल्या बौद्ध कुटुंबांनी वर्गणी काढून एक खोली बांधली, तिला वाचनालय म्हटलं आणि रीतसर ट्रस्ट नोंदवला. पिराजींनी माझ्यासाठी मजुरी घेतली नाही. "फुकट करतो, पर मागल्या अंगाला माझं नाव कोरणार," असं त्यांनी बजावून सांगितलं, आणि कोरलंही. मग गल्लीतल्या पोरांनी रेडिओचे संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड काढली, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवली आणि मला चोपडली. दोन दिवस सगळ्यांचे हात काळे होते. आयांनी पोरांना धुतलं ते धुतलंच, वर मलाही शिव्या दिल्या.

माझ्यावर लिहायचं काम आक्काताईंनी घेतलं. आक्काताई कांबळे मोठ्या दवाखान्यात परिचारिका होत्या आणि तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी रोग्यांच्या खाटेला अडकवलेला तापाचा तक्ता भरला होता. वेळ लिहायची, ताप लिहायचा, बास. "फार ताप आहे", "बरा वाटतोय" असलं काही लिहायचं नाही. तीच रीत त्यांनी माझ्यावर चालवली.

"नळाला पाणी आले ६.५० ते ७.०५." "रॉकेल आले नाही." "दवाखान्यात डॉक्टर आले ११.२० वाजता, गेले १२ वाजता." एवढंच. कमिटीतल्या एकाने एकदा सुचवलं, की "बेजबाबदार कारभाराचा निषेध" असं वर ठसठशीत लिहावं. आक्काताई म्हणाल्या, "ताप किती हाय ते आपण लिवायचं. कशानं आला ते लोकास्नी कळतंय की!" आणि रोज संध्याकाळी मला पुसण्याआधी त्या माझ्यावरचा सगळा मजकूर वहीत उतरवून ठेवत. तीही दवाखान्याचीच सवय.

मित्रांनो, मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, आजही वाटतो. बायका पाण्याच्या घागरी कमरेवर घेऊन माझ्यापुढे थांबत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या दुसऱ्या बाईकडून वाचून घेत. इचलकरंजीला मागावर जाणारे लोक पहाटेच्या गाडीला निघताना माझ्याकडे बघून जात. शहरात मोठी वर्तमानपत्रं होती, पण आमच्या गल्लीत पाणी आलं की नाही हे त्यांपैकी एकानेही कधी छापलं नाही. 'दैनिक नगरभेरी' नावाच्या पत्रात तर "उपनगरांत मुबलक पाणी" अशी बातमी दर महिन्याला यायची. ते पत्र आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाच्या मेहुण्याचं होतं, हे सांगितलं म्हणजे पुरे.

आता नारळाकडे येतो.

आमच्या भागात पाणी सोडणारे एक गृहस्थ होते, गणपतराव चौगले. सायकलीला लांब लोखंडी चावी बांधून ते पहाटे यायचे, जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवायचे आणि जाताना माझ्यापुढे थांबून आक्काताईंना वेळ सांगायचे. पाणी कमी आलं तर स्वतःच म्हणायचे, "वरनंच कमी सोडलंय. लिवा बिनधास्त." महापालिकेचा माणूस असून! दोन हजार साली ते निवृत्त व्हायला आले. वाचनालयाने त्यांचा सत्कार ठरवला.

आमच्याकडे सत्कार म्हणजे एक पुस्तक आणि एक गुलाब. नारळाची पद्धत नाही. पण गणपतराव संकोचून म्हणाले, "आक्काताई, पुस्तक घिऊन मी काय करू? मला वाचाय येत न्हाय. त्यापरास एक नारळ द्या की. घरात चार माणसांत दावाय बरा."

कमिटीत कुरकुर झाली. आपल्यात नारळ कशाला, असं दोघांचं म्हणणं पडलं. आक्काताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण त्यो पुजत न्हाय, फोडत न्हाय. सत्कार त्येंचा हाय का आपला? त्येस्नी जे पायजे ते द्यायचं." मग म्हणाल्या, "नारळ मी आणतो." आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात.

आणि गुरुवारी त्यांनी माझ्या वरच्या अर्ध्या भागात आठवड्याचं पाणी लिहिलं: सोमवारी आले नाही, मंगळवारी पंधरा मिनिटे, बुधवारी आले नाही, गुरुवारी आले नाही. खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं:

"रविवारी सकाळी दहा वाजता गणपतरावांना नारळ देणार. सर्वांनी यावे."

जागा अपुरी म्हणून निवृत्तीचं राहून गेलं. पस्तीस वर्षं तक्ते भरलेल्या बाईंची ही एकच अर्धवट नोंद. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गणपतराव म्हटलं की गल्लीत पाणीवाले गणपतराव. दुसरं कोण?

दुसरे होते, मित्रांनो. आमच्या नगरसेवकाचं नावही गणपतराव होतं, गणपतराव हेरवाडकर. आणि महापालिकेची निवडणूक दहा दिवसांवर होती. मराठीत एखाद्याला नारळ देणं म्हणजे त्याला घरी पाठवणं, हे तुम्हाला माहीत आहेच. एवढी साधी गोष्ट अख्ख्या गल्लीत एकाच्याही ध्यानात आली नाही, कारण हे गृहस्थ पाच वर्षांत गल्लीत फिरकले नव्हते आणि त्यांचं नाव आम्ही पार विसरून गेलो होतो.

त्याच दुपारी, मला पुसण्याआधी, एक माणूस आला, माझा फोटो काढला, कोणालाही काही न विचारता गेला. शनिवारी 'नगरभेरी'च्या पहिल्या पानावर मी होतो. पण अर्धाच! वरच्या पाण्याच्या ओळी कापून टाकल्या होत्या. खालची तेवढी नारळाची ओळ, आणि वर मथळा: "समाजसेवेच्या नावाखाली राजकारण! करसवलत घेणाऱ्या संस्थेचा उघड प्रचार." आत पान तीनवर हेरवाडकरांचा अर्धं पानभर फोटो आणि "विकासाचा महामेरू" असा लेख. तो मात्र प्रचार नव्हे, ती बातमी! मी लाकडाचा आहे, तरी माझ्या अंगाची लाही लाही झाली.

रविवारी सत्कार झाला. गणपतराव चौगल्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. त्याची बातमी कुठेही आली नाही. पुढे निवडणूक झाली आणि हेरवाडकर निवडूनही आले. ते कात्रण मात्र कोणीतरी तक्रारीला जोडून कर कचेरीत पाठवलं होतं, आणि महिन्याभरात वाचनालयाला पत्र आलं.

लोकांच्या भल्याचं काम करणाऱ्या संस्थेला सरकार करात सवलत देतं. अट अशी, की संस्थेने कोणत्या पक्षाचा वा उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. अट चांगली आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पत्रात विचारलं होतं, तुमची सवलत का रद्द करू नये? आणि ती रद्द झाली असती, तर आमचं मोठं नुकसान होतं. वाचनालय मागच्या मोकळ्या जागेत मुलींसाठी अभ्यासिका बांधत होतं. जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्याने स्लॅबचा खर्च उचलायचं कबूल केलं होतं, पण सवलत असलेल्या संस्थेलाच देणगी देईन, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या.

वाचनालयाचे चिटणीस नागसेन. आक्काताईंचे भाचे, एसटी डेपोत कारकून. त्यांची मुलगी प्रीती त्या वर्षी दहावीला होती आणि एका खोलीच्या घरात सहा माणसांत बसून अभ्यास करत होती. ती अभ्यासिका तिच्यासाठीच होती म्हणा ना. नागसेन घाबरले. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी मात्र दिला.

"मावशी, फळा उतरवूया," ते म्हणाले. "हेच्यापायी पोरींची खोली जाईल. माझी नोकरी बी जाईल."

"फळ्यानं काय केलं?"

"काय बी केलं नसंल. पर पत्र आलंय का न्हाय?"

कमिटीने नागसेनांच्या बाजूने हात वर केले, आक्काताई एकट्या पडल्या. मला उतरवलं आणि आतल्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मित्रांनो, धूळ मला नवी नव्हती. पण तोंड भिंतीकडे! बाहेर काय चाललंय ते मला नुसतं ऐकू यायचं. एके सकाळी शेजारच्या तानाबाई बाहेर ओरडत होत्या, "पाणी आलं का न्हाय हे कळायचं कसं आता?"

"नळ सोडून बघ की, तानाबाई," कोणीतरी म्हणालं.

"माझ्या नळाला न्हाय हे मला दिसतंय रं! समद्यांच्या नळाला न्हाय, हे फळा सांगत हुता. आता वाटतंय माझंच नशीब फुटकं."

ते ऐकून मला माझी किंमत कळली. चुकून कोणी स्तुती केली असती तर एवढं बरं वाटलं नसतं.

कचेरीतून दुसरं पत्र आलं. सुनावणीची तारीख होती आणि लिहिलं होतं, "वादग्रस्त मजकुराची मूळ प्रत सादर करावी." नागसेन कात्रणाची झेरॉक्स काढायला निघाले. आक्काताईंनी पत्र त्यांच्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मूळ प्रत म्हंजे फळाच की."

"मावशी, तसं नसतंय गं—"

"मग काय मूळ हाय? पेपरात तर अर्धाच छापलाय."

अशा रीतीने मी हातगाडीवरून कर कचेरीत गेलो. सोबत आक्काताई, त्यांच्या नऊ वर्षांच्या वह्यांचं गाठोडं, घामाने भिजलेले नागसेन आणि पिशवी घेतलेले गणपतराव चौगले. शिपायाने मला दारात अडवलं. आक्काताईंनी त्याला पत्रातली ओळ बोट ठेवून दाखवली. तो बाजूला झाला.

साहेब चष्मा लावणारे, शांत आवाजाचे होते. मला त्यांच्या टेबलासमोर खुर्चीवर टेकवून ठेवलं.

"बाई, हे काय आहे?"

"मूळ प्रत, पावणं."

"मावशी, साहेब म्हण," नागसेन पुटपुटले.

"यावर तर काहीच नाही," साहेब म्हणाले.

"रोज सांजच्याला पुसतो आमी. समदं वहीत उतरलंय. ह्या बघा."

साहेबांनी वह्या उघडल्या. नारळाची ओळ सापडली. त्यांनी विचारायच्या आत गणपतरावांनी पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. त्याची शेंडी अजून जशीच्या तशी होती.

"ह्यो त्यो नारळ. अजून फोडला न्हाय. आणि ह्यो मी गणपतराव. पाणी सोडत हुतो. रिटायर झालो."

"आणि नगरसेवक गणपतराव?"

"त्यास्नी आमच्यात कोण वळखतंय?" आक्काताई म्हणाल्या. "पाच वर्सांत एकदा तरी आलं असतं, तर गणपतराव दोन हायत हे ध्यानात ऱ्हायलं असतं की आमच्या."

साहेबांनी वही तोंडापुढे धरली. त्यांचे खांदे हलत होते. वही खाली आली तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता, पण नागसेनांना धीर आला. नारळाचा प्रश्न मिटला होता. मलाही वाटलं, सुटलो.

पण साहेब वही चाळत राहिले. "पाणी आले नाही, आले नाही, आले नाही. डॉक्टर नाहीत. नगरसेवक सभेला आले नाहीत. बाई, निवडणुकीच्या तोंडावर रोज हे लिहायचं म्हणजे कोणाच्या तरी विरोधात जातंच ना?"

"पाणी आलं असतं तर आलं म्हणून लिवलं असतं. मग त्यो कुणाचा परचार झाला असता?"

साहेबांनी वही मिटली. मग एक कोरा कागद त्यांनी पुढे सरकवला. "मी तुमचं काम सोपं करतो. महापालिका, नगरसेवक, सरकारी दवाखाना, यांविषयी फलकावर काही लिहिणार नाही, एवढं लिहून द्या. सुविचार लिहा, वाढदिवस लिहा. मी फाईल आजच बंद करतो. सवलत राहील. उत्तरात लिहिली आहे ती तुमची मुलींची खोलीही होईल."

नागसेनांनी खिशातलं पेन काढलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांना कमरेपर्यंतच्या भिंती दिसत असणार, प्रीती दिसत असणार. ते पेन आक्काताईंच्या हातात द्यायला लागले.

आक्काताईंनी ते घेतलं नाही. त्यांनी पिशवीत हात घालून खडू काढला, उठल्या आणि साहेबांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून माझ्यावर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं.

"सकाळी ११.४० : पाणी, दवाखाना व नगरसेवक यांविषयी लिहू नका असे साहेबांनी सांगितले. आम्ही नाही म्हटले."

दाराशी उभा असलेला शिपाई मान वाकडी करून वाचत होता.

"पुसा ते," साहेब म्हणाले.

"सांजच्याला पुसतो. आजचं आज ऱ्हाईल." आणि मग त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, त्या खोलीत बसणार हाय ती पोरगी माझी नात लागती. खोली मला नको हाय व्हय? पर रोग्याचा ताप लपिवला तर खाट द्यू, असं कुणी म्हटलं तर मी खाट घेऊ का?"

साहेबांनी घंटी वाजवली नाही, कोणाला बोलावलं नाही, मला पुसलंही नाही. फाईल बांधली आणि म्हणाले, "निर्णय टपालाने कळेल." त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. त्यांनी माझा मजकूर शेवटपर्यंत वाचला होता. 'नगरभेरी'ने तेवढंही केलं नव्हतं.

परत येताना हातगाडीवर मला पालथं घालायला नागसेन निघाले होते. आक्काताईंनी ते होऊ दिलं नाही. मी आकाशाकडे तोंड करून बिंदू चौकातून गेलो आणि माझ्यावरची ओळ निम्म्या कोल्हापुराने वाचली. त्याच दुपारी त्यांनी पिराजींना बोलावून मला पुन्हा जुन्या खिळ्यांवर टांगलं. कमिटीला विचारलंसुद्धा नाही.

निर्णय मार्चमध्ये आला. तुम्ही चांगला शेवट ऐकायला बसला असाल, तर माफ करा. सवलत रद्द झाली. व्यापाऱ्याने कळवलं की त्याचा नाइलाज आहे. 'नगरभेरी'ने "प्रचारकी संस्थेला दणका" असं मोठ्या टायपात छापलं. नारळ कोणाला दिला होता हे त्यांनी आजतागायत छापलेलं नाही. प्रीतीची परीक्षा त्याच महिन्यात होती.

पत्र आलं तेव्हा आक्काताई घरी नव्हत्या. नागसेन ते वाचून बराच वेळ त्या कमरेपर्यंतच्या भिंतींत उभे होते. मग बाहेर आले. मला वाटलं, आता हे मला उतरवतात. नऊ वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. सरकारी नोकर माणूस, आपलं अक्षर भिंतीवर नको, असं ते म्हणत. त्यांनी कोनाड्यातला खडू घेतला आणि पाण्याच्या ओळीखाली लिहिलं:

"संस्थेची करसवलत रद्द झाली. अभ्यासिकेचे काम थांबले." आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. नागसेन भीमराव कांबळे, चिटणीस.

आक्काताई आल्या, पिशवी खाली ठेवली आणि दोनदा वाचलं. त्यांना रडू आलं होतं, ते मी अगदी जवळून पाहिलं. पण म्हणाल्या एवढंच, "वेळ न्हाय लिवलीस."

नागसेनांनी वेळ लिहिली.

मित्रांनो, ती अभ्यासिका पुढे सहा वर्षांनी झाली, पत्र्याची. तोवर प्रीती वाचनालयाच्या पायरीवर, माझ्या खालीच बसून अभ्यास करायची. आज ती तलाठी आहे. आक्काताई थकल्या आहेत, हात वर जात नाही, म्हणून सध्या नागसेन लिहितात. ते निवृत्त झाले आहेत. अक्षर जरा किरटं आहे, पण वेळ चुकत नाही.

परवा काही लोक मला काचेच्या पेटीत बसवायचं म्हणत होते. वर नाव कोणाचं घालायचं, हेही ठरवून आले होते. माझी काळजी करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मला काच नको. काचेवर खडू उमटत नाही. तुमच्या गल्लीतही माझ्यासारखा एखादा फळा असेल, कुठल्या तरी मंडळाच्या भिंतीवर, "हार्दिक शुभेच्छा" एवढंच घेऊन वर्षभर गप्प पडलेला. त्याला ओल्या फडक्याने पुसा. तुमच्या नळाला आज पाणी किती वाजता आलं ते त्याच्यावर लिहा आणि खाली आपलं नाव लिहा, पूर्ण.